तारांना जोडलेली तार

मोटरची गुंडाळी भरून झाली, वार्निश वाळलं आणि टेस्टला लाइनवर लावली की ती घुं करते. पंपाची असो नाहीतर पिठाच्या गिरणीची, सूर एकच. नऊ वर्षं ते काम करूनही माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. ते मला एका गिटारवाल्यानं दाखवलं, शहापूरच्या आमच्या दुकानात, लाकडी पाटावर बसून. जाड तार त्यानं तिसऱ्या घरात दाबली, एकदा छेडली आणि बोलला, "हा बघा तुमचा लायटीचा सूर. तुमच्या सगल्या मोटारी ह्याच सुरात रडतात."

तेव्हा मी हसलो होतो. आता मोटर टेस्टला लावली की काहीतरी निमित्त काढून मी बाहेर जातो. आत ती घुं करत असते, आणि मला वाटतं पाटावर कोणीतरी बसलंय.

मी मूळचा हिंगोलीकडचा. आठवीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, पण त्याला आता इलाज नाही. गावाकडं पंपाच्या दुकानात वाइंडिंग शिकलो आणि विसाव्या वर्षी एका ओळखीच्या माणसामागं वाशिंदच्या कारखान्यात आलो. तिथलं काम चार महिन्यांत संपलं. परत जायचं तोंड नव्हतं. वाशिंदहून शहापूरपर्यंत हायवेनं एकेका दुकानात विचारत आलो, तेव्हा बाजारातल्या बोळात मामांनी मला थांबवलं. मामा म्हणजे दुकानाचे मालक, सापगावचे. नात्यानं माझे कोणी नव्हेत.

"काम येतं का?"

"येतंय जी."

"जी नको बोलू, मी काय तहसीलदार नाय. जेवलास का?"

एवढ्यावर मी तिथं राहिलो. माळ्यावर झोपायला जागा दिली. मामींनी रोज ताट वाढलं, आणि मला भात सोसत नाही हे कळल्यावर न सांगता माझ्यापुरत्या भाकऱ्या थापायला लागल्या. या दोन माणसांचं माझ्यावर जे आहे ते मला कधी फेडता येणार नाही. पण त्यामुळंच मी कायम धास्तावलेला असायचो. एखादी मोटर जळून परत आली तर आपलं इथलं अन्न संपलं, असं मनात असायचं. म्हणून सोल्डरचा प्रत्येक डाग तीनतीनदा तपासायचो. मामा चिडवायचे, "मोटार हाय रे ती, पोरीची सोयरीक नाय. दे आता."

दोन हजार सालच्या आगेमागे तो गिटारवाला आला. मुरबाडच्या पलीकडच्या गावचा, शेतकऱ्याच्या घरातला, माझ्याच वयाचा. मुरबाडच्या कारखान्यात पाळीवर जायचा आणि बाकीच्या वेळात एका ऑर्केस्ट्रा पार्टीत वाजवायचा. खांद्याला खताच्या गोणीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. दारातनंच बोलला, "पिकप बिघडलाय. करून द्याल का?"

मामांनी डोकं वर न काढताच सांगितलं, "गॅरेज पुढं हाय. पेट्रोल पंपाच्या बाजूला."

"गाडी नाय ओ मामा, गिटारीचा पिकप."

मामांनी गोणीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "ही तुझ्याजोगती कटकट हाय. घे."

गिटार मी पहिल्यांदा जवळनं पाहत होतो. तारांखाली दोन लांबट डब्या बसवलेल्या होत्या, त्यांनाच तो पिकप म्हणत होता. एक बंद होती. खोलली तर आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तारेचे वेढेच वेढे. वर तार थरथरली की या वेढ्यांत करंट येतो आणि तोच पुढं अॅम्प्लिफायरला जातो. मला हसू आलं. आम्ही जन्मभर करंट घालून हालचाल काढतो, इथं कोणीतरी हालचाल घालून करंट काढला होता.

शेहेचाळीस गेजची तार मागवावी लागली. हातानं फिरवायच्या मशीनवर आठ हजार वेढे दिले, श्वास रोखून, कारण जरा ओढ बसली की तार तुटायची. दोनदा तुटली. तिसऱ्यांदा डबी बोलली. त्या दिवशी तो दुकानातच नाचला, मामींनी त्याला चहा दिला आणि त्यानं खरी गोष्ट काढली.

"भाऊ, पार्टीत गिटार एक आन् गाणी शंभर तऱ्हेची. कोळीगीताला येगला आवाज पायजे, गझलेला येगला. मुंबयवाले दोन-दोन गिटारी घेऊन फिरतात. माजी ही येकच. हिच्यातनं अजून आवाज निघतील का?"

निघतील की नाही हे मला माहीत नव्हतं. पण जोडणीचं मला कळत होतं. दोन गुंडाळ्या बाजूबाजूला जोडल्या की एक गोष्ट होते, एकामागं एक जोडल्या की दुसरी. त्याच्या दोन डब्या बाजूबाजूला ठेवल्या तर आवाज पातळ आणि स्वच्छ यायचा. एकामागं एक केल्या तर जाड, भरलेला. एक छोटा खटका बसवला, इकडं केला की हा, तिकडं केला की तो. मग मला मोटर उलटी फिरवायचं आठवलं. मोटरीत एका गुंडाळीची टोकं अदलाबदल केली की ती उलटी फिरते. इथं काय होईल? दुसरा खटका बसवला आणि एका डबीची टोकं उलटी केली.

दोन्ही डब्या चालू ठेवून त्यानं तार छेडली. एक आवाज दुसऱ्याला मारत होता. खालचा जाडपणा सगळा गेला होता आणि वरचं फक्त उरलं होतं, दूरच्या खोलीत कोणीतरी नाकात गुणगुणतंय तसं. मला वाटलं चुकलं, मी खटका परत करायला हात पुढं केला. त्यानं माझा हात धरला.

"थांबा. पोचा दाणा हाय हा. वरनं भात दिसतं, आत तांदूळ नाय." परत छेडली. "हा मना पायजे. ह्याच्यावर लोक रडतील."

घरून बायकोचं नेलपॉलिश आणून त्यानं खटक्यांवर ठिपके काढले. एका ठिपक्याला तो सुलटा म्हणायचा, दुसऱ्याला उलटा.

इथपर्यंत सगळं त्यानं मागितलेलं होतं. पुढचं मी माझ्या मनानं केलं.

गिटार सारखी गुणगुणायची. तोच तो लायटीचा सूर, वाजवणं थांबलं की मागं चालूच. त्याला त्याची सवय होती, मला सहन होईना. पाहिलं तर तारा ज्या लोखंडी पट्टीवर बसतात ती कशालाच जोडलेली नव्हती. मी पट्टीखालनं एक उघडी तार सरकवली आणि आत अर्थला डाग दिला. म्हणजे गिटारीच्या सगळ्या तारा वायरीतनं जाऊन अॅम्प्लिफायरच्या पत्र्याला भिडल्या. आता तारांवर हात ठेवला की गुणगुण बंद, उचलला की सुरू.

तो खूश झाला. हात ठेवायचा, उचलायचा, परत ठेवायचा. "माजा हात वळखते ही," बोलला. मामींना बोलावून दाखवलं. मामी बोलल्या, "बायकोपेक्षा बरी हाय रे. हात लावला की गप."

तीनएक महिने तो येत-जात राहिला. पार्टी चालली होती. त्याचा उलटा आवाज मुरबाडच्या बाजूला माहीत झाला होता. मग येणं थांबलं.

मुरबाडहून पंपाची मोटर घेऊन आलेल्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं. "तुमच्याकडं यायचा ना तो वाजवणारा? गेला. पूजेच्या ठिकाणी वाजवत होता. झटका आला."

"कसला झटका?" मी विचारलं.

"झटका आला," तो परत बोलला, जसं काही त्यात विचारण्यासारखं नव्हतंच.

मला वाटतं तो शब्द आपल्या भाषेत असा नसता तर बरं झालं असतं. छातीत येतो तोही झटका, वायरीतनं येतो तोही झटका. लोक एकदा बोलले आणि मोकळे झाले. मी गिऱ्हाइकाला बसवून सगळं विचारून घेतलं. सत्यनारायणाची पूजा, संध्याकाळची, उजेड असतानाची. स्टेज नव्हतं. अंगण त्याच दिवशी सारवलेलं, अजून ओलं. वाद्याला हात लावण्याआधी तो चपला काढायचा, नमस्कार करायचा, माझ्यापुढंही करायचा. अॅम्प्लिफायरच्या वायरीला पिन नव्हती. दोन टोकं सोलून सॉकेटात खुपसली होती आणि निघू नयेत म्हणून वर काडेपेटीच्या काड्या ठोकल्या होत्या. आमच्याकडं मांडवात सगळीकडं असंच करतात. कुठलं टोक कुठल्या भोकात, ते कोण बघतो.

अॅम्प्लिफायर जुना होता. कोणीतरी घरघर थांबवायला न्यूट्रल, म्हणजे करंट परत जातो ती वायर, आतल्या पत्र्याला बांधला असणार. असेही मी पुष्कळ पाहिले होते. टोकं सुलटी बसली तर काही होत नाही. उलटी बसली की पत्राच लाइनवर, म्हणजे सगळ्या पत्र्यात करंट. पत्र्यावरनं वायर, वायरीतनं माझी तार, माझ्या तारेवरनं त्याचा हात, आणि तिथनं अनवाणी पाय आणि ओलं शेण. दुकानात असताना तो कायम लाकडी पाटावर बसायचा. म्हणून इथं कधी काही झालं नाही.

मामांना सांगितलं. ते बोलले, "डॉक्टरनं झटका लिवलाय ना? मग झटकाच. तू परका माणूस हायस रे. लोकांच्या तोंडी येशील. बोलू नको."

ते माझ्या भल्याचंच सांगत होते. मी बोललो नाही. भाकरी उतरत नव्हती, मामींना सांगायचो पित्त झालंय.

भातकापणी उरकल्यावर त्याची बायको आली. एकटीच, मुरबाडच्या एस.टी.नं, तीच खताची गोणी मांडीवर घेऊन. मामा वसुलीला गेले होते. ती दारात उभी राहून बोलली, "वायंडिंगवाले भाऊ तुमीच का?"

मी मान हलवली.

"त्यांच्या तोंडात तुमचं लय असायचं. भाऊनी ह्यो केला, भाऊनी त्यो केला." ती पाटावर बसली आणि गोणी पुढं ठेवली. "येक इचारायचाय. खरा सांगाल?"

तिनं सांगितलं ते असं. पार्टीचा मालक गिटार मागत होता, नव्या वाजवणाऱ्यासाठी. एक दिवस तो आपला अॅम्प्लिफायर घेऊन घरी आला, गिटार चालते का बघायला. भिंतीला टेकवून लावली तर ती घुं करायला लागली. त्यानं तारांवर हात ठेवला, गप्प झाली. उचलला, परत सुरू. सासूनं ते पाहिलं आणि किंचाळली. "सासू बोलते, हात हुडकते ती. कोनाचा हात मिलाला की गप होते. आमच्या पोराचा खाल्लान, आता दुसऱ्याचा पायजे." मग गावात बोलणं सुरू झालं. तो उलटा आवाज काढायचा, उलट्या आवाजानं नको त्याला बोलावलं. भगतानं सांगितलं, नदीत सोडा.

"मना वाटतं देऊन टाकावी त्या पोराला," ती बोलली. "तेवढीच वाजत ऱ्हाईल. पन त्येला कायतरी झाला तर? म्हणून इचारते भाऊ. तुमी ती उघडून बघितलीय. हिच्यात काय हाय का?"

मला सुटायला एवढं सोपं दार परत मिळणार नव्हतं. आहे बाई, सोडा नदीत, एवढंच बोलायचं होतं. गिटार गेली असती, माझी तार गेली असती, नवा वाजवणारा वाचला असता. भुताचं नाव झालं असतं. मी खरंच तोंड उघडलं ते तेच बोलायला. पण तो अॅम्प्लिफायर पार्टीकडंच राहणार होता. उद्या दुसरी गिटार येणार, तिची पट्टी कोणीतरी जोडलेली असणार. आणि ही बाई जन्मभर समजणार की नवऱ्याच्या आवाजातच वाईट होतं.

"हाय," मी म्हणालो. "एक तार हाय. मी घातलेली."

गोणी सोडली, गिटार पालथी केली, मागचं झाकण खोललं आणि तिला दाखवलं. ही तार इथनं तारांना जाते, ही अशी अॅम्प्लिफायरला. म्हणून हात लावला की गप्प होते. कोणाचाही हात. माझा, तुमचा. भूत नाही, जोडणी आहे. आणि तिकडं सॉकेटात वायरीची टोकं उलटी बसली असतील तर हीच तार करंट आणते.

तिनं वाकून पाहिलं. "जलली नाय ती."

मीही तेच पाहत होतो. डाग चकचकीत होता, मी दिला तसाच. "जळत नाही. माणूस जायला लागतो तेवढ्या करंटनं तार गरमसुद्धा होत नाही."

"मग तुमाला कसा कलला, ह्याच्यानीच झाला?"

"कळलेलं नाही. कधी कळणारही नाही. छातीचाही असेल. पण मला वाटतं ह्यानंच."

ती कितीतरी वेळ त्या तारेकडं बघत राहिली. रस्त्यावर कोणीतरी टमटमवाला वाशिंद, वाशिंद ओरडत होता. मला वाटलं ती उठून जाईल, किंवा ओरडेल.

"काढा ती," ती बोलली.

पक्कडीनं तोडली. पट्टीखालचा तुकडाही ओढून काढला.

"आता लावा. आन् तुमी धरा."

आमच्याकडं टेस्टिंगला एक जुना अॅम्प्लिफायर होता, त्याला लावली. मी पाटावर बसायला गेलो तशी ती बोलली, "तिथं नको. खाली उतरा. चपला काढा." मी काढल्या. कोपऱ्यातल्या माठातलं पाणी तिनं तांब्यानं घेऊन फरशीवर ओतलं, माझ्या पायांपाशी. मी त्यात उभा राहिलो. पिन कशी बसवलीय ते टेस्टरनं बघायची मला सवय होती. त्या दिवशी टेस्टर खिशात असून काढला नाही. काढला असता तर तिच्या डोळ्यांदेखत मी तेवढा सुटलो असतो.

तारांवर हात ठेवला. पंजा पुरा, तो ठेवायचा तसा.

काही झालं नाही. पण गुणगुणही थांबली नाही. घुं करत राहिली, हाताखाली, हात असून. ती ऐकत होती.

"थांबत नाय."

"आता नाही थांबणार. तार नाही ना."

"कायम अशीच?"

"कायम."

"तो उलटा लावा."

मी दोन्ही डब्या चालू करून खटका टाकला आणि वाजवता येत नसताना एक तार छेडली. तो पोचा आवाज आला आणि त्याच्यामागं ती घरघर. तिनं पदर तोंडाला लावला. मी दुसऱ्यांदा छेडली नाही.

मग तिनं गिटार स्वतः गोणीत भरली. मी म्हटलं थांबा, मालकाला चिठ्ठी देतो. एका बिलाच्या मागं लिहिलं. अॅम्प्लिफायरला तीन पिनांची वायर लावा. आतला न्यूट्रल पत्र्याला बांधला असेल तर सोडा. सॉकेटात काड्या घालू नका. गिटारीत पट्टीला तार होती, ती काढली आहे, गुणगुण राहील, परत कोणाला जोडू देऊ नका. माझं शुद्धलेखन आठवीचंच. तिनं चिठ्ठी घेतली आणि उभ्याउभ्या मोठ्यानं वाचली, बोट फिरवत.

"खाली नाव नाय."

मी पेन खिशाला लावलं.

"मालक इचारंल, कोनी लिवला. सासू इचारंल ती तार कोनी घातलेली. भगत इचारंल. मी काय सांगू, कोनीतरी?"

ती रागानं बोलत नव्हती. इतकी वर्षं मला सगळे भाऊ म्हणत होते, वायंडिंगवाले म्हणत होते, मामा तर तू म्हणूनच हाक मारायचे. तिच्या नवऱ्यालाही माझं नाव माहीत होतं की नाही देव जाणे. मी चिठ्ठी परत घेतली, तिच्याखाली माझं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आणि दुकानाचा पत्ता. लिहिताना मामांचा विचार आला. पत्ता त्यांचा होता.

चिठ्ठीची घडी तिनं ब्लाउजात ठेवली आणि गोणी खांद्याला मारून निघाली. दारात थांबून बोलली, "मी चहा करून ठेवायची भाऊ त्यांना, ते इथनं आल्यावर. तुमच्याकडनं आले की जेवायचे नाय, वाजवत बसायचे." आणि गेली.

मामा आल्यावर त्यांना सांगितलं. मामी आतनं ऐकत होत्या. मामांनी ओल्या फरशीकडं पाहिलं आणि फडकं उचलून स्वतःच पुसायला लागले. "आले तर येऊ दे," एवढंच बोलले. "मी हाय ना हितं."

माझी बॅग मी त्याच दिवशी माळ्यावर भरून ठेवली होती. मुरबाडची गाडी बोळाच्या तोंडाशी थांबली की कंडक्टरची घंटी दुकानात ऐकू यायची. घंटी झाली की मी सोल्डरिंगची सळई ठेवायचो, उठून चपला घालायचो आणि दारात जाऊन उभा राहायचो. म्हातारी सासू येईल, चार माणसं येतील, पार्टीचा मालक येईल. उतरणारी माणसं भाजी घेऊन, पोरं घेऊन बाजाराकडं वळायची. कोणी बोळात शिरत नव्हतं. गाडी पुढं जायची. मग मी परत आत येऊन बसायचो, आणि सळई तोवर जास्त तापलेली असायची.